ग्रीक आणि रोमन दर्यावर्दी: दंतुर किनारा एवढं कारण पुरतं का?

दर्यादिशा (प्रश्न)

पाठ्यपुस्तकात एक ठरावीक ओळ असते: ग्रीसचा किनारा दंतुर, जमीन डोंगराळ, म्हणून ग्रीक लोक समुद्राकडे वळले. पण दंतुर किनारा आणि पाठीशी डोंगर तर नॉर्वेलाही आहेत, आपल्या कोकणालाही आहेत. मग ग्रीस आणि तुर्कस्तानमधल्या एजियन समुद्रात वेगळं काय होतं? रोमचं कोडं तर आणखी अवघड. रोमजवळ धड नैसर्गिक बंदर नाही, तरी सगळा भूमध्य समुद्र त्यांच्या ताब्यात गेला. वारे, भरती-ओहोटी, बंदरांची बांधणी या अंगाने कोणी सांगू शकेल का?

मतलई

सुरुवात भरतीपासून करा. मुंबईत उधाणाच्या दिवशी पाणी ४ मीटरहून जास्त चढतं-उतरतं. भूमध्य समुद्रात बहुतेक ठिकाणी हा फरक ३०-४० सेंटिमीटरच्या आतच असतो. त्यामुळे पुळणीवर ओढून ठेवलेली नौका सकाळी तिथेच सापडते. ती चिखलात रुतून बसत नाही किंवा रात्री तरंगून वाहून जात नाही. धक्का नसला तरी उताराची वाळू बंदराचं काम करते, आणि एजियनमध्ये अशा वाळूचे तुकडे बेटाबेटावर आहेत. शिवाय हवा स्वच्छ असली की एक बेट मागे दिसेनासं होण्याआधी पुढचं दिसू लागतं.

ग्रीक युद्धनौकेला या वाळूची गरजच होती. त्रायरीम या वल्ह्यांच्या तीन रांगांच्या युद्धनौकेवर सुमारे २०० माणसं असत, त्यांतले १७० वल्हेकरी. वरच्या रांगेत ६२, मधल्या आणि खालच्या रांगेत ५४-५४. लांबी सुमारे ३७ मीटर, रुंदी जेमतेम साडेपाच-सहा. चूल मांडायला किंवा झोपायला जागाच नाही. १९८७ साली ग्रीसमध्ये ‘ऑलिंपियास’ ही प्रतिकृती पाण्यात उतरवली. तिच्या चाचण्यांत वल्हेकऱ्याला तासाला सुमारे १ लिटर पाणी लागतं असं दिसलं. म्हणजे दहा तास वल्हवायचं तर दीड टनाहून जास्त पाणी! एवढं वजन रोज वाहणं परवडणारं नव्हतं, म्हणून संध्याकाळी किनारा गाठणं भाग होतं.

दुसरी अडचण लाकडाची. हलकं लाकूड पाणी पितं, नौका जड होते, वेग जातो, आणि लाकूड पोखरणारे किडे लागतात ते वेगळंच. म्हणून ती वरचेवर ओढून वाळवावी लागे. इ.स.पू. ४१४ मध्ये सिसिलीतल्या सिराक्यूजला वेढा घालून बसलेल्या निकियास या अथेन्सच्या सेनापतीने अथेन्सला पाठवलेल्या पत्रात हीच तक्रार आहे: शत्रू समोर तयार उभा असल्याने नौका वाळवता येत नाहीत, त्या भिजून गेल्या आहेत.

आता भूक. अॅटिकाची, म्हणजे अथेन्सच्या आसपासच्या मुलखाची, माती पातळ. ऑलिव्ह आणि द्राक्षं येतात, गहू पुरत नाही. तो काळ्या समुद्राच्या उत्तर किनाऱ्यावरून येई, आणि वाट दार्दानेल्स या समुद्राच्या चिंचोळ्या पट्टीतून. ती सर्वांत अरुंद जागी सव्वा किलोमीटरच रुंद आहे. प्रवाह काळ्या समुद्राकडून एजियनकडे वाहतो, उन्हाळी वाराही उत्तरेचा. त्यामुळे रिकामं गलबत वर नेताना दिवसेंदिवस वाऱ्याची वाट पाहायची, भरलेलं परत आणताना दोन्हींची साथ. ही पट्टी ज्याच्या हातात, त्याच्या हातात अथेन्सची भाकरी.

इ.स.पू. ४०५ मध्ये दार्दानेल्सच्या काठी इगोस्पोतामीला या सगळ्या गोष्टी एकत्र आल्या. अथेन्सच्या १८० नौका उघड्या पुळणीवर लागल्या होत्या. जवळ बाजार नाही, म्हणून खलाशी रोज अन्न आणायला दूर पांगत. स्पार्टाच्या लायसँडरने चार दिवस नुसतं पाहिलं आणि पाचव्या दिवशी माणसं विखुरलेली असताना झडप घातली. जेमतेम दहाएक नौका निसटल्या. पुढच्याच वर्षी उपासमारीने अथेन्स शरण आलं. माझ्या मते ग्रीक आरमाराचा भूगोल समजून घ्यायला याहून चांगला प्रसंग नाही.

चुनखडी

रोमबद्दल सांगतो. तिथे समुद्राची ओढ कमी आणि पोटाची निकड जास्त. शहराचा गहू इजिप्त, उत्तर आफ्रिका आणि सिसिलीतून येई. उन्हाळ्यात पूर्व भूमध्य समुद्रात वारा वायव्य-उत्तरेचा. इटलीहून अलेक्झांड्रियाला जाणं सोपं. नेपल्सजवळच्या पुतेओली बंदराहून ९ दिवसांत पोहोचल्याची नोंद प्लिनी या रोमन लेखकाने दिली आहे. परतताना मात्र भरलेलं जहाज थेट येऊच शकत नसे. सायप्रस, आशिया मायनरचा दक्षिण किनारा, क्रीट, सिसिली असा वळसा घालून महिना-दोन महिने लागत. नोव्हेंबर ते मार्च समुद्र बंद मानला जाई, म्हणून एका मोसमात फार खेपा होत नसत.

धान्य उतरवायचं कुठे? रोमच्या टायबर नदीच्या मुखाशी गाळ. म्हणून सम्राट क्लॉडियसने इ.स. ४२ च्या सुमारास मुखाजवळच्या ऑस्तिया गावाच्या उत्तरेला नवं बंदर सुरू केलं. ते फार मोठं आणि उघडं ठेवलं, हीच चूक. इ.स. ६२ मध्ये वादळाने बंदराच्या आत उभी असलेली सुमारे २०० जहाजं गेली. मग पुढचा एक सम्राट त्राजानने आत जमिनीत षट्कोनी गोदी खोदली, एकेक बाजू सुमारे ३५८ मीटर. तो षट्कोन आजही रोमच्या फ्यूमिचीनो विमानतळाशेजारी पाण्याने भरलेला दिसतो.

या बांधकामाचं गुपितही भूगोलातच आहे. साधा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो, पाण्याखाली तो तसाच मऊ राहतो. नेपल्सच्या उपसागराकाठची ज्वालामुखीची राख चुन्यात मिसळली की मिश्रण पाण्यातच धरतं. व्हित्रूव्हियस या रोमन वास्तुविशारदाने दिलेलं प्रमाण: राख दोन भाग, चुना एक भाग. लाकडी साचे समुद्रात उतरवून त्यांत हे मिश्रण आणि दगड भरत. ज्यूंचा राजा हेरोदने आजच्या इस्रायलच्या किनाऱ्यावर सिझेरियाचं बंदर बांधताना ही राख थेट इटलीहून मागवली होती.

सुकाणू

मतलई यांच्या भरतीच्या मुद्द्याला पुरवणी. नौका किनाऱ्यावर ओढून निर्धास्त राहण्याची ही सवय भूमध्य समुद्राबाहेर अंगाशी आली. इ.स.पू. ५५ मध्ये सीझर ब्रिटनला उतरला, तेव्हा पौर्णिमेच्या रात्री उधाण आणि वादळ एकदम आलं. किनाऱ्यावर ओढलेल्या नौकांत पाणी भरलं, नांगरलेली जहाजं आपटून फुटली. पौर्णिमेला तिथे एवढं पाणी चढतं हे रोमनांना ठाऊकच नव्हतं.

दर्यादिशा

छान! मग हेच लोक पुढे भारतात आले तेव्हा खंबातच्या आखातात काय करत असतील?

मतलई

स्थानिक वाटाड्यांच्या हवाली होत. जुलैच्या सुमारास इजिप्तच्या लाल समुद्राकाठच्या बंदरांतून निघायचं, नैर्ऋत्य मोसमी वारा धरायचा, आणि डिसेंबर-जानेवारीत ईशान्येच्या वाऱ्यावर परतायचं. सोपारा, कल्याण, चौल ही बंदरं पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत येतात, पण सगळ्यात तपशीलवार वर्णन भरुकच्छाचं, म्हणजे भडोचचं आहे. नर्मदेच्या मुखाशी भरती इतकी जोराची की नवख्याचं जहाज आडवं होऊन उथळावर बसे, आणि पाणी परत आलं की उलटे. म्हणून राजाच्या चाकरीतले कोळी मोठ्या होड्या घेऊन पार सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे येत, जहाज दोराने ओढत. भरती लागली की पुढे सरकायचं, ओहोटी लागण्याआधी ठरलेल्या खोल डोहात नांगर टाकायचा.