शुगरच्या जखमेला ओझोन मशीन

भाऊ, मामांचा पाय पिशवीत घालून घरीच ओझोन देता, वर कोविडमधल्या कॉन्सन्ट्रेटरचा ऑक्सिजन रोज तासभर, असं तुम्ही वर लिहिलंय म्हणून हे.

ऑक्सिजनचं आधी उरकतो. बोटावरचं मशीन ९७ दाखवत असेल तर नाकात नळी घालून जखमेला काही मिळत नाही. जखमेसाठी ऑक्सिजन देतात तो वेगळा, बंद चेंबरमध्ये हवेच्या दुप्पट-अडीचपट दाबाखाली. आणि ऑक्सिजनचं मशीन चुलीपाशी किंवा बिडी ओढणाऱ्याजवळ लावू नका, आग भडकायला वेळ लागत नाही.

ओझोन जंतू मारतो हे खरं, बाटलीबंद पाण्यातही वापरतात. पण त्याला जंतू आणि आपलं फुप्फुस यात फरक कळत नाही. अमेरिकेच्या एफडीएच्या (औषधं-उपकरणांवर नजर ठेवणारी सरकारी संस्था) नियमात, उपकरणामुळे खोलीतल्या हवेत त्याची मर्यादा दहा कोटी भागांत ५ भाग आहे. पिशवीच्या तोंडातून जो उग्र वास येतो ना, तो तुम्ही सगळे घेताय! मशीनची नळी रबरी असेल तर वाकवून बघा, भेगा दिसतील. रबर असं कुरतडतो हा वायू.

आपल्याकडं शेतात अनवाणी फिरणारा माणूस, पायाला मुंग्या, काटा रुतला तरी कळत नाही. अशा जखमेला साखर ताब्यात, मेलेलं मांस डॉक्टरकडून काढणं आणि पायावरचा भार कमी करणं लागतं. सेवाग्राम किंवा नागपूरच्या मेडिकलला दाखवा. बोट काळं पडलं, ताप आला तर मात्र सोयाबीन काढणी सोडून त्याच दिवशी निघा.