लोकशाहीत मोकळेपणाने बोलायचा हक्क खरंच आहे का, की फक्त कागदावर?

प्रतापनगरवाला:
मंडळी, एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात आहे. आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका पोरानं रस्त्याबद्दल लिहिलं, की सिमेंटचा रस्ता इतका उंच करून ठेवला की आता पावसाचं पाणी सरळ लोकांच्या गेटमधून आत येते, आणि हे काम कोणी पास केलं त्याचं नाव घेऊन जाब विचारला. शिवी नाही, जात नाही, धर्म नाही. लगेच एकानं लिहिलं, पोस्ट काढ नाहीतर ठाण्यात तक्रार जाईल, नोकरीचं व्हेरिफिकेशन अडकेल. दुसऱ्यानं अ‍ॅडमिनला सांगितलं की केस तुझ्यावरही होते. पोरानं पोस्ट काढली आणि ग्रुप सोडला. विषय संपला, रस्त्याबद्दल त्यानंतर ग्रुपवर कोणी एक अक्षर लिहिलं नाही.

आमचे भाऊजी म्हणतात, रोज रात्री टीव्ही लाव, लोक पंतप्रधानापासून सगळ्यांना बोलून राहिले, म्हणजे स्वातंत्र्य आहे. पोरगी माझी पॉलिटिकल सायन्सला आहे, ती म्हणते बाबा आधी संविधानाचं कलम १९ वाचा, मग त्याच्याच खालचं दोन नंबरचं वाचा, मग बोला. मला दोघांचंही अर्धंच पटते, कारण आमच्या ग्रुपवर ना सरकार आलं ना कलम आलं, तरी माणूस गप्प झालाच ना. मग हा हक्क नेमका कोणापासून वाचवतो? आणि आपल्याकडेच असं आहे का बाकी लोकशाही देशांतही असंच चालते?

सिव्हिल_लाइन्स_वकील:
तुमच्या मुलीनं बरोबर जागी बोट ठेवलं. कलम १९(१)(क) बोलायचा हक्क देते आणि १९(२) त्याच्यावर बंधनं घालायची परवानगी देते. पण ही बंधनं आली कशी ते बघा. संविधान लागू झालं २६ जानेवारी १९५० ला, आणि मे महिन्यात सुप्रीम कोर्टानं दोन निकाल दिले. एक 'क्रॉस रोड्स' नावाच्या डाव्या साप्ताहिकाचा, ज्याला मद्रास सरकारनं राज्यात यायला बंदी केली होती, दुसरा दिल्लीच्या 'ऑर्गनायझर'चा, ज्याला छापायच्या आधी मजकूर अधिकाऱ्याला दाखवायचा हुकूम होता. एक डाव्यांचं, एक संघाच्या विचाराचं, आणि कोर्टानं दोघांनाही मोकळं केलं. मग १९५१ ला पहिलीच घटनादुरुस्ती झाली आणि सार्वजनिक सुव्यवस्था, परराष्ट्रांशी मैत्री, गुन्ह्याला चिथावणी अशी कारणं वाढली. त्याच दुरुस्तीनं निर्बंध 'वाजवी' पाहिजेत हेही आलं, त्यामुळे कोर्टाला तपासायला जागा राहिली, हे सोडून चालणार नाही.

बाकी देशांचं म्हणाल तर कुठेच शंभर टक्के मोकळीक नाही. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत हेच सांगितलं होतं की अमेरिकेतही मूलभूत हक्क निरपेक्ष नाहीत, तिथंही कोर्टानं मर्यादा घातल्याच. जर्मनीत होलोकॉस्ट नाकारणं गुन्हा आहे.

अ‍ॅडमिनच्या भीतीबद्दल, मुंबई हायकोर्टाच्या आपल्या नागपूर खंडपीठानंच मार्च २०२१ मध्ये सांगितलंय की मेंबरनं काही आक्षेपार्ह टाकलं म्हणून अ‍ॅडमिन आपोआप गुन्हेगार होत नाही, त्याचा त्या मेंबरशी आधीपासून संगनमत असल्याचं दिसलं पाहिजे. केस गोंदिया जिल्ह्यातली होती. हे तुमच्या अ‍ॅडमिनला नक्की दाखवा.

आणि आता एक गोष्ट जी मला प्रत्येक नागपूरकराला सांगावीशी वाटते. इंग्रज असतानाच आपल्या नागपूर हायकोर्टात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी भगवतीचरण शुक्ल केसमध्ये लिहिलं की शब्दांचा परिणाम मोजायचा तो समंजस, खंबीर आणि धीट माणसाच्या मापानं, दुबळ्या डळमळीत मनाच्या माणसाच्या किंवा प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्याच्या मापानं नाही. १९४७ च्या लॉ रिपोर्टात नागपूरचा पहिलाच निकाल आहे तो. आणि मार्च २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं खासदार इम्रान प्रतापगढी यांच्यावरची कवितेवरून झालेली एफआयआर रद्द केली तेव्हा आपल्या इथलं हेच वाक्य आधाराला घेतलं.

माझं म्हणणं सगळं याच्यातच आहे. वरच्या कोर्टात माप धीट माणसाचं लागते, पण ठाण्यात आणि ग्रुपवर माप लागते सगळ्यात लवकर दुखावणाऱ्याचं. तुमच्या त्या पोराला कोर्टात शिक्षा होणारच नव्हती, पण कोर्टापर्यंत जायची ताकद किती लोकांत असते? तारखा, वकिलाची फी, घरच्यांचं टेन्शन, निर्दोष सुटला तरी हे सगळं भोगूनच सुटतो माणूस.

काटोलचा_संत्रेवाला:
वकील साहेब कोर्टाचं समजलं, पन आमच्यासारख्या मानसाले बोलाची जागा कोनती ते सांगा. दरसाल डिसेंबरात अधिवेशन भरते नागपुरात, आमी गाड्या करून येतो, यशवंत स्टेडियमपासून मोर्चा निंगते आन मॉरिस कॉलेजच्या टी पॉइंटले नाहीतर टेकडी रोडवर बॅरिकेड लावून अडवते. विधानभवन तिथून जवळ आहे पन आमचा आवाज काई आत जात नाई. पाच लोकाचं शिष्टमंडळ आत नेते, निवेदन घेते, फोटो काढते, झालं. घोषना द्याले कोनी मनाई नाई करत, पाहिजे तेवढं ओरडा, पन आयकून कोन राहिलं?

२३ नोव्हेंबर १९९४ ले गोवारी समाजाचे लोक असेच आले होते आपलं मागनं घेऊन, अनुसूचित जमातीत, म्हनजे एसटीत, घ्या म्हनत होते. लाठीमार झाला, चेंगराचेंगरी झाली, ११४ लोक मेले, बाया आन लेकरं त्याच्यात जास्त. झिरो माइलजवळ स्मारक आहे, तिथून रोज हजारो गाड्या जाते. मले तं वाटते बोलाचा हक्क म्हनजे फक्त तोंड उघडाचा हक्क नाई, समोरच्यानं आयकून उत्तर द्यावं हे बी त्याच्यातच येते. उत्तर द्यावंच नाई लागत तं मंग सरकारले आमाले अडवाची गरजच काय, ओरडू द्या थकू द्या जातीन घरी.

महालकर:
मला थोडं वेगळं म्हणायचं आहे, राग मानू नका. मी नागपूरच्या महाल भागात राहतो, दुकानही तिथंच. १७ मार्च २०२५ ला संध्याकाळपासून मोबाईलवर जे फिरत होतं, जाळलं म्हणे, अपमान केला म्हणे, खरं काय खोटं काय कोणी बघितलं नाही आणि रात्री रस्त्यावर दगड आणि जाळपोळ. त्यानंतर कर्फ्यू, दुकानं बंद, आणि एका माणसाचा जीव गेला. त्या रात्री आई माझी पलंगावर बसून होती, झोपली नाही. तेव्हापासून कोणी म्हटलं की ज्याला जे वाटते ते लिहू द्या तर माझ्या अंगावर काटा येते. अफवा पसरवणाऱ्यालाही तुम्ही धीट माणसाच्या मापानं सोडणार का? ज्याचं घर त्या गल्लीत आहे त्याला विचारा. बंधन पाहिजेच असं माझं स्पष्ट मत आहे, आणि पोलिसांनी तशा पोस्ट लगेच काढायला लावल्या पाहिजे.

सिव्हिल_लाइन्स_वकील:
महालकर भाऊ, राग कशाचा, तुम्ही भोगलंय ते. पण कायदाही तुमच्याच बाजूनं आहे याच्यात. २०१५ ला सुप्रीम कोर्टानं आयटी कायद्याचं ६६अ, म्हणजे ऑनलाइन आक्षेपार्ह लिहिण्याला गुन्हा ठरवणारं कलम, रद्द केलं तेव्हा तीन गोष्टी वेगळ्या केल्या, चर्चा, एखाद्या मताचा पुरस्कार आणि चिथावणी. पहिल्या दोन कितीही कडू असल्या तरी चालतात, चिथावणीला लागलं की बंधन सुरू होते. त्या रात्रीची जी पोस्ट लोकांना दगड उचलायला लावते ती चिथावणी, तिला कोणी हक्क म्हणत नाही. रस्ता कोणी पास केला हा प्रश्न चर्चा आहे. अडचण अशी होते की आपल्याकडे दोन्हीला एकच धमकी मिळते, आणि चिथावणी देणारे पुष्कळदा ताकदवान असतात म्हणून त्यांना हात लागत नाही, प्रश्न विचारणारा कॉलेजचा पोरगा सापडतो. ६६अ ची केस आठवा, २०१२ ला पालघरच्या एका मुलीनं बाळासाहेब ठाकरे गेल्यावरच्या बंदबद्दल फेसबुकवर लिहिलं आणि दुसरीनं फक्त लाइक केलं, दोघींना अटक. कोणता दगड उचलला गेला होता तिथं?

अजनीची_शिक्षिका:
मी सरकारी नोकरीत आहे, नाव लिहीत नाही, का ते समजून घ्या. महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम १९७९ चे आहेत, त्यानुसार आम्ही सरकारच्या धोरणावर जाहीर टीका करू शकत नाही. वर्गात मी नागरिकशास्त्रात सहा स्वातंत्र्यं शिकवते आणि शाळेला मास्तर कमी का आहेत हे स्वतःच्या नावानं कुठे लिहू शकत नाही. नियमाची गरज मला थोडी कळते, कलेक्टरनं पक्षाचा प्रचार करू नये हे बरोबरच आहे, पण शाळेच्या गळक्या छताबद्दल बोलणं हा प्रचार नाही ना. आणि बाई असेल तर वेगळंच. एका चर्चेत मी साधं मत लिहिलं होतं तर इनबॉक्समध्ये जे आलं ते मी नवऱ्यालाही दाखवलं नाही. असे मेसेज पाठवणारेही म्हणतात आम्हाला बोलायचा हक्क आहे. त्यांच्या त्या हक्कानं किती बायका लिहायच्या थांबल्या हे कुठे मोजलंच जात नाही.

तरी पण बोलणारे असतात हे पोरांना सांगितलं पाहिजे म्हणून मी दरवर्षी दुर्गाबाई भागवतांचं सांगते. आणीबाणी, १९७५ चं कऱ्हाडचं साहित्य संमेलन, मंचावर मंत्री, आणि अध्यक्ष असलेल्या दुर्गाबाईंनी जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी सगळ्यांना प्रार्थना करायला लावली. पुढच्या वर्षी त्यांना तुरुंगात टाकलं. आणि मग २०१९ चं आपल्या विदर्भातलं यवतमाळचं संमेलन बघा, लेखिका नयनतारा सहगल यांना उद्घाटनाला बोलावलं आणि गोंधळ होईल म्हणून आमंत्रणच परत घेतलं. तेव्हा आणीबाणी नव्हती, कोणताही हुकूम नव्हता. मला यवतमाळचं जास्त लागलं. कऱ्हाडला निदान माहीत होतं कोण अडवतंय.

इंदोऱ्याचा_वाचक:
मॅडमचं वाचून एक जोडावंसं वाटलं. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' काढला तेव्हा त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापायला 'केसरी'नं नकार दिला होता. हाच तो केसरी ज्याच्या संपादकाला, टिळकांना, १९०८ मध्ये लेखांसाठी सहा वर्षांची मंडालेची शिक्षा झाली होती. मी टिळकांची शिक्षा कमी लेखत नाही, ती अन्यायाचीच होती. पण सरकारपासून बोलायचं स्वातंत्र्य मागणाऱ्यांच्या पेपरात खालच्या माणसाला पैसे देऊनही चार ओळींची जागा नव्हती, आणि त्यासाठी कोणताच कायदा मोडावा लागला नाही. म्हणून प्रतापनगरवाले काका, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं की कलम १९ तुम्हाला मुख्यतः सरकारपासून वाचवते, शेजाऱ्यापासून, मालकापासून, समाजापासून नाही. दलित वस्तीतल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही, त्यानं गावात तोंड उघडलं तर आधी किराणा बंद होतो, पोलिस नंतर येतात. आता तर छापायला संपादकही लागत नाही, पण कोणाची पोस्ट किती लोकांना दिसावी हे कंपनीचा अल्गोरिदम ठरवते आणि का दाबली ते विचारायला खिडकी नाही. आमच्या पिढीनं उपाय तोच केला जो बाबासाहेबांनी केला, स्वतःचं काढा. चॅनल काढा, पत्रक काढा, दहा लोक वाचतील तर दहा.

प्रतापनगरवाला:
सगळ्यांचे आभार, पोरीला पूर्ण वाचून दाखवलं. वकील साहेब, एक सरळ सांगा, उद्या खरंच कोणी ठाण्यात तक्रार घेऊन गेलं तर काय होते? मी त्या पोराच्या वडिलांशी बोलणार आहे.

सिव्हिल_लाइन्स_वकील:
नेत्याची बदनामी झाली एवढीच तक्रार असेल तर तो अदखलपात्र गुन्हा आहे, पोलिस त्याच्यावर सरळ एफआयआर करून उचलून नेऊ शकत नाहीत, तक्रारदाराला मॅजिस्ट्रेटकडे जावं लागते. आणि लोकसेवकाच्या सार्वजनिक कामाबद्दल प्रामाणिकपणे मत मांडणं हा बदनामीच्या कलमातच अपवाद आहे. कोणी दोन समाजांत तेढ वगैरे कलम लावा म्हणालं तर नवीन बीएनएसएसच्या, म्हणजे जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या, कलम १७३(३) मध्ये तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत आधी १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते, वरच्या अधिकाऱ्याच्या परवानगीनं, आणि प्रतापगढी निकालात कोर्टानं म्हटलंय की बोलण्या-लिहिण्याच्या प्रकरणात ही चौकशी करणंच योग्य. कोणी ६६अ चं नाव घेतलं तर ते कलम २०१५ लाच गेलं आहे, तरी २०२१ पर्यंत त्याखाली गुन्हे नोंदवले जात असल्याचं सुप्रीम कोर्टासमोर आलं होतं, त्यामुळे निकालाची प्रत जवळ ठेवा. ज्यानं धमकी दिली त्याचा मेसेज डिलीट व्हायच्या आधी स्क्रीनशॉट घेतला का ते विचारा, तारीख आणि नंबर दिसला पाहिजे. आणि रस्त्याचं काम कोणी मंजूर केलं, उंची किती मंजूर होती, हे माहितीच्या अधिकारात महापालिकेत अर्ज करून मागा, दहा रुपये लागतात, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागते. अर्जावर एकट्या पोराचं नाव टाकू नका, कॉलनीतल्या आठ-दहा घरांनी वेगवेगळे अर्ज टाका.

काटोलचा_संत्रेवाला:
पैला अर्ज तुमीच टाका काका, तुमच्या नावानं.