योसेमिटीत अप्पर पाइन्सला तंबूत राहायचंय, सोबत आईबाबा आणि लहान लेक. जमेल का?

कोथरूड_ते_फ्रीमाँट:

नमस्कार मंडळी, जाणकारांनी कृपया सांगा. आईबाबा पुण्याहून आलेत आणि जूनमधे त्यांना कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी नॅशनल पार्कला न्यायचं खूप मनात आहे. तिथल्या अप्पर पाइन्स कॅम्पग्राउंडची साइट (तंबू ठोकायची जागा) कुणीतरी कॅन्सल केलेली दिसली आणि मी लगेच बुक करून टाकली, लागून तीन रात्री मिळाल्या. आम्ही दोघं, पहिलीतली लेक आणि आईबाबा असे पाच जण. बाबा सत्तरीचे आहेत, डायबेटिस आहे, इन्सुलिन घेतात आणि रात्री दोनतीनदा उठावं लागतं. आईचे गुडघे दुखतात, जमिनीवर बसलं तर धरून उठवावं लागतं.

बाबा एकदम तयार आहेत. तरुणपणी राजमाची, हरिश्चंद्रगड सगळं केलंय, गुहेत झोपलेत, त्यामुळे तंबू म्हटल्यावर त्यांचा चेहराच खुलला. आई नाही म्हणत नाहीये पण दिवसातून एकदा तरी "तिथे अस्वलं फिरतात ना गं" असं विचारते. ऑफिसमधले सगळे म्हणतात म्हाताऱ्या माणसांना तंबूत कशाला नेतेस, पार्कच्या बाहेर हॉटेल घे आणि रोज ये-जा कर. मला मात्र आत राहायचंय, रात्र तिथली बघायचीये त्यांना घेऊन. थंडी किती असते, बाथरूमचं काय, जेवणाचं कसं करायचं (बाबांना वेळेवर लागतं), आणि अस्वलाचं खरंच किती टेन्शन घ्यायचं? की हॉटेलच बरं?

---

रानवेडी:

जमेल, आणि साइट हातात आहे तर अजिबात सोडू नका. योसेमिटी व्हॅलीतली साइट म्हणजे काय हे ज्यांनी महिन्याच्या १५ तारखेला सकाळी सातला कॉम्प्युटर लावून बुकिंगचा प्रयत्न केलाय त्यांना विचारा, पाच महिने आधी महिन्याभराच्या तारखांचं बुकिंग एकदम उघडतं आणि उन्हाळ्याच्या साइट काही मिनिटांत संपतात.

हॉटेलबद्दल आधी बोलते. बाहेर मॅरिपोसा किंवा ओकहर्स्टला राहिलात तर एका बाजूच्या प्रवासाला तासाच्या वर जातो, जूनमधल्या वीकेंडला गेटवर आणि व्हॅलीत पार्किंगला गाड्यांची रांग, म्हणजे काकाकाकूंचा अर्धा दिवस गाडीतच बसून जाणार. गुडघे दुखणाऱ्या माणसाला ते जास्त त्रासाचं. अप्पर पाइन्सला राहिलात तर गाडी साइटवरच ठेवायची आणि फुकटची शटल बस घ्यायची, दुपारी काकूंना वाटलं पाठ टेकावी तर परत येऊन झाडाखाली पडता येतं. आत राहण्याचा खरा फायदा हा आहे, म्हाताऱ्या माणसांना तर जास्तच.

थंडी: व्हॅलीची उंची ४००० फुटांच्या आसपास आहे, आपल्या महाबळेश्वरपेक्षा थोडी कमीच. जूनमधे दिवसा छान ऊन असतं, रात्री दहा-बारा डिग्रीपर्यंत उतरतं, कधी त्याच्याही खाली. कानटोपी, स्वेटर, पायमोजे आणि स्लीपिंग बॅगच्या वर घरची एक जाड गोधडी, एवढ्यात भागतं. पार्कमधल्याच टुलमी मेडोजची साइट असती तर मी नको म्हटलं असतं कारण ते ८६०० फुटांवर आहे, तिथे भर उन्हाळ्यातसुद्धा रात्री गोठण्याइतकं गार होऊ शकतं.

काकूंसाठी जमिनीवरची गादी नकोच. फोल्डिंग कॉट मिळते, गुडघ्याइतक्या उंचीची, तीच घ्या, काकांसाठीही घ्या, आणि तंबू असा घ्या की ज्यात वाकावं न लागता उभं राहून कपडे बदलता येतील. दोन हात असलेल्या खुर्च्या हव्यात, नुसत्या बाकावर बसून उठताना आधार नसतो.

टॉयलेट फ्लशचे आहेत, बेसिन आहे, पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत. गरम पाणी नाही आणि अंघोळीची सोय कॅम्पग्राउंडमधे अजिबात नाही, त्याला व्हॅलीतल्याच करी व्हिलेजला जावं लागतं, तिथे पैसे देऊन शॉवर घेता येतो. एक मग सोबत ठेवाच. काका रात्री उठतात तर प्रत्येकाच्या उशाशी डोक्याला बांधायची बॅटरी हवी. तंबूपासून टॉयलेटपर्यंतची वाट दिवसाउजेडी त्यांना दोनदा चालवून दाखवा, पाइनची मुळं वर आलेली असतात आणि दोऱ्यांच्या खुंट्यांना पाय अडकतो. खुंट्यांना पांढरी चिंधी बांधा.

---

डोंगर_आणि_दुर्बीण:

माझं मत थोडं वेगळं आहे. काका उत्साही आहेत हे चांगलंच पण प्रश्नात काकूंचं मन मला दिसतंय, त्या रोज अस्वलाचं विचारताहेत म्हणजे त्यांना झोप लागणार नाही, आणि तीन रात्री झोप नसेल तर धबधबा काय बघणार. करी व्हिलेजला कॅनव्हासच्या केबिन असतात, आत पलंग, अंथरूण-पांघरूण, दाराला कडी. जंगलातली रात्रही मिळते आणि जमिनीचा प्रश्नही येत नाही. महाग आहे आणि स्वयंपाक करता येत नाही, हे दोन तोटे. दोघांसाठी तिथे बघा आणि तुम्ही तिघं साइटवर रहा, अंतर फार नाहीये, जेवायला एकत्र येता येईल. नाहीतर पहिली रात्र सगळे तंबूत काढा, काकूंना जमलं तर पुढे चालू ठेवा, पण निदान त्यांना एकट्यांना बाजूला घेऊन नीट विचारा, सगळ्यांसमोर आई मंडळी "चालेल गं" असंच म्हणतात.

आणि जाताना १४० नंबरच्या रस्त्याने जा, मर्सेड, मॅरिपोसा, एल पोर्टल असं. १२० जवळचा वाटतो पण प्रीस्ट ग्रेडचा घाट आहे, लेकीला आणि काकूंना गाडी लागत असेल तर हाल होतील. व्हॅलीत पेट्रोल मिळत नाही, मॅरिपोसातच टाकी भरून घ्या. फोनची रेंजही बेभरवशाची आहे, नकाशे आधीच डाउनलोड करा.

---

कोथरूड_ते_फ्रीमाँट:

दोघांचेही मनापासून आभार. कॉटचं डोक्यातच नव्हतं, आजच बघते. आईला वेगळं विचारते हे अगदी बरोबर आहे. पण अस्वलाचं नीट कुणी सांगाल का, कारण मी नियम वाचले तर तंबूत खाण्याचं काहीच ठेवायचं नाही असं आहे, आणि बाबांची रात्री शुगर कमी झाली तर लगेच काहीतरी गोड द्यावं लागतं. शिवाय आईने आत्ताच लसणाची चटणी आणि तिखटमिठाच्या पुऱ्या नेऊ म्हणून यादी केलीये.

---

भाजणीवाली:

हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे त्यामुळे लांबलचक लिहितेय, क्षमस्व.

काकूंना पहिल्यांदा हे सांगा की तिथलं अस्वल काळं अस्वल आहे, ग्रिझली कॅलिफोर्नियात आता उरलेच नाहीत. ते माणसाच्या मागे येत नाही, खाण्याच्या मागे येतं. पार्कमधे ३०० ते ५०० अस्वलं आहेत असा अंदाज आहे. पूर्वी फार वाईट परिस्थिती होती, १९४० पर्यंत तर पर्यटकांना तमाशा दाखवायला पार्कवालेच त्यांना ठरवून खरकटं घालायचे, त्यातून माणसाच्या खाण्याची चटक लागली आणि ती पिलांनाही लागत गेली. १९९८ साली एका वर्षात दीड हजारांहून जास्त वेळा अस्वलांनी नासधूस केली, त्यात गाड्यांची दारं वाकवून आत शिरणं हे सगळ्यात जास्त. मग प्रत्येक साइटवर लोखंडी फूड लॉकर आले, नियम कडक झाले आणि हे प्रकार खूपच कमी झाले. म्हणून लॉकरचा नियम आपल्यापेक्षा अस्वलाच्या जिवासाठी जास्त आहे. एकदा का त्याला माणसाच्या खाण्याची सवय लागून ते धीट झालं की शेवटी त्याला मारावं लागतं. लेकीला हे असंच सांगा, लहान मुलं हा नियम मोठ्यांपेक्षा काटेकोर पाळतात.

लॉकर ३३ इंच खोल, ४५ रुंद आणि १८ उंच असतो. पाच जणांचं सामान आणि मोठा कूलर यात बसवायचाय हे लक्षात ठेवून घरीच मोजून भरा, खूप उंच कूलर घेऊ नका. आत फक्त खाणं ठेवून भागत नाही, वासाची प्रत्येक गोष्ट आत. टूथपेस्ट, साबण, सनस्क्रीन, खोबरेल तेल, काकूंचा बाम, ओले वाइप्स, कचऱ्याची पिशवी, लेकीच्या सॅकच्या खिशातलं चॉकलेट. काकू रोज देवापुढे उदबत्ती लावत असतील तर ती आणि तुपाच्या वातीही तिथेच. डबाबंद आणि सीलबंद खाणंसुद्धा. अंधार पडल्यावर गाडीत काहीही ठेवायचं नाही, कारच्या सीटखाली पडलेले शेंगदाणे, बेबी सीटमधले बिस्किटाचे तुकडे हे सगळं निघायच्या आदल्या दिवशी व्हॅक्युम करून घ्या. आणि लॉकर दिवसासुद्धा कडी लावून बंद, "इथेच तर बसलोय" म्हणून उघडा टाकायचा नाही. अस्वल नाही आलं तरी खारी आणि कावळे टपलेलेच असतात.

काकांचं: लॉकर तुमच्याच साइटवर असतो, तंबूपासून काही पावलांवर. त्याच्या दाराशी, अगदी पुढे, एका छोट्या डब्यात ग्लुकोज आणि ज्यूसचं खोकं ठेवा, दुसरं काही त्याच्या पुढे येऊ द्यायचं नाही. लॉकरची कडी अंधारात कशी उघडायची हे घरातल्या प्रत्येकाने पहिल्या संध्याकाळी करून बघायचं, काकांनीसुद्धा, कारण ती खटक्याची असते आणि पहिल्यांदा समजत नाही. रात्री काकांनी एकट्यांनी उठायचं नाही, कुणालातरी हाक मारायचीच. आणि दिवसभर चालणं रोजच्यापेक्षा जास्त होणार तर इन्सुलिन आणि रात्रीच्या खाण्याचं काय करायचं हे निघायच्या आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारून घ्या. इन्सुलिन छोट्या इन्सुलेटेड पाउचमधे घालून मग कूलरमधे, बर्फाला थेट टेकू द्यायचं नाही, ते गोठलं तर वाया जातं. बर्फ व्हॅलीतल्या दुकानात मिळतो.

आता जेवण. पुऱ्या आणि चटणी खुशाल न्या! पहिल्या दिवशी पोचेपर्यंत सगळे दमलेले असतात तेव्हा तेच कामाला येतं. मी थालीपिठाची भाजणी नेते, कांदा तिथे चिरायचा, पाणी घालून मळलं की तव्यावर थापायचं, सोबत दही. पिठलं-भात, मुगाची खिचडी, पोहे हे सगळं दोन बर्नरच्या गॅसवर आरामात होतं, छोटा प्रेशर कुकर न्या म्हणजे गॅस कमी लागतो आणि काकांचं जेवण वेळेवर होतं. फोडणीची तयारी घरूनच डबीत करून नेली तर पाच डबे उघडे पडत नाहीत. उजेड असतानाच जेवून भांडी घासून मोकळं व्हायचं. भांडी पिण्याच्या नळाखाली किंवा टॉयलेटच्या बेसिनमधे घासायची नाहीत, टबात घासायची, खरकटं गाळून कचऱ्यात टाकायचं आणि उरलेलं पाणी सांडपाण्याच्या ठरलेल्या जागी ओतायचं. झाडाखाली ओतलं की तिथला वास दुसऱ्या दिवशी येणाऱ्या कुटुंबाला त्रास देतो.

शेकोटी उन्हाळ्यात व्हॅलीत संध्याकाळी ५ ते रात्री १० एवढीच पेटवता येते. व्हॅलीत लाकडं गोळा करायला बंदी आहे आणि घरून लांबून नेऊ नका, लाकडातून किडे जातात आणि तिथली झाडं मरतात, तिथेच विकत घ्या. दहानंतर शांतता, म्हणजे खरंच शांतता, अंताक्षरी आधीच उरकायची.

---

रानवेडी:

भाजणीवालींना प्रचंड अनुमोदन. दोन गोष्टी राहिल्या म्हणून परत आले.

जूनमधे धबधबे जोरात असतात, ऑगस्टपर्यंत योसेमिटी फॉल बरेचदा आटतो, त्यामुळे तुमचा महिना उत्तम आहे. पण त्याच कारणाने मर्सेड नदी तेव्हा प्रचंड वेगाची आणि बर्फ वितळून आलेल्या पाण्याची असते. काठावरचे दगड गुळगुळीत, वरून पाणी शांत दिसतं. लेकीचा हात नदीकाठी सोडायचा नाही, फोटोसाठीही नाही. मिस्ट ट्रेल काकूंना नको, ओल्या दगडी पायऱ्या आहेत. त्यांच्यासाठी लोअर योसेमिटी फॉलची वाट आहे, साधारण मैलाचा फेरा, पक्की, आणि ब्रायडलव्हेल धबधबा. ग्लेशियर पॉइंटला गाडीने थेट वर जाता येतं, तास लागतो, संध्याकाळी जा, हाफ डोमच्या कड्यावर शेवटचं ऊन पडतं ते काकांना खुर्चीत बसून बघता येईल.

आणि अंधार पडल्यावर एल कॅपिटन कड्यासमोरच्या कुरणात नक्की जा. त्या ३००० फुटी कड्यावर चढणारे लोक मधेच भिंतीला टांगून झोपतात आणि त्यांचे दिवे वर चमकत असतात. राजमाची केलेल्या माणसाला ते दाखवलंच पाहिजे.

---

बुकिंग_बहाद्दर:

साइट ज्याच्या नावावर आहे तो माणूस स्वतः ओळखपत्र घेऊन हजर लागतो, व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणी "आमची साइट घ्या" म्हणून विकत असेल तर घेऊ नका, चालत नाही. एका साइटवर जास्तीत जास्त ६ माणसं, त्यात लहान मुलंही धरतात, आणि २ गाड्या. तुम्ही पाच आहात म्हणजे ठीक. बाकीच्यांसाठी, कॅन्सल झालेल्या साइट रोज थोड्याथोड्या दिसतात, तारीख जवळ आली की जास्त, वेबसाइटवर सूचनेची सोय आहे ती चालू करून ठेवा.

---

कोथरूड_ते_फ्रीमाँट:

काल आईला एकटीला विचारलं. ती म्हणाली अस्वलापेक्षा तिला रात्री बाथरूमला एकटीने जायची भीती वाटत होती, आणि ते बोलायचं कसं म्हणून अस्वल पुढे करत होती. मी म्हटलं मी उठेन तुझ्याबरोबर, किती वेळा असेल तितक्या वेळा. तर आता तंबूतच राहतोय सगळे. दोन कॉट आणि हाताच्या खुर्च्या मागवल्या, बाबांनी लॉकरचं माप कागदावर काढून हॉलमधे खोकी रचून बघायला घेतलीयेत. डॉक्टरांची अपॉइंटमेंट मंगळवारची मिळालीये. भाजणीवाली, तुमच्या भाजणीचं प्रमाण वेगळ्या धाग्यावर टाकाल का?