दोन देशांना जोडणाऱ्या लेखकांना पैसे कोणी द्यावेत?

धागाकर्ता, सांगली
दोन देशांतील लोकांना एकमेकांची खरी ओळख करून देणाऱ्या लेखकांना सरकारने वा संस्थांनी पाठ्यवृत्ती द्यावी, असे माझे ठाम मत आहे. अमेरिकेत जन्मलेल्या समाजशास्त्रज्ञ गेल ऑम्वेट १९६३ मध्ये अमेरिकी सरकारच्या फुलब्राइट पाठ्यवृत्तीवर इंग्रजी शिकवण्यासाठी भारतात आल्या, १९७१ मध्ये अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजच्या पाठ्यवृत्तीवर त्यांनी महाराष्ट्रातील ब्राह्मणेतर चळवळीचा अभ्यास केला, आणि पुढे त्या वाळवा तालुक्यातील कासेगावच्याच होऊन गेल्या. महात्मा फुले यांचा विचार परदेशी विद्यापीठांत पोहोचला, त्यात ऑम्वेट यांच्या प्रबंधाचा वाटा मोठा आहे. वर्षभर राहण्याची सोय झाल्याशिवाय असे काम उभे राहत नाही.

प्रतिसाद, सातारा
हे मला मान्य नाही. अमेरिकन इन्स्टिट्यूट सुरुवातीच्या काळात ज्या निधीवर चालली, त्यात पी.एल. ४८० या अमेरिकी कायद्याखालील रुपयांचा भाग होता, म्हणजे अमेरिकेने आपल्याला विकलेल्या गव्हाची किंमत. रेशनच्या रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाच्या पैशावर अमेरिकी संशोधक येथे आला. पण कासेगावच्या एखाद्या मुलाने अमेरिकेत जाऊन तिथल्या कृष्णवर्णीयांचा लढा पाहावा आणि मराठीत लिहावा, यासाठी त्या रुपयांतून काय निघाले? एकाच बाजूने पाहणे चालू असेल, तर त्याला परस्परांची ओळख म्हणता येत नाही. शिवाय काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम या लेखक-विचारवंतांच्या कम्युनिस्टविरोधी संस्थेमागे सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेचा पैसा असल्याचे १९६६-६७ मध्ये उघड झाले, तेव्हा तिच्या आधाराने लिहिणाऱ्या प्रामाणिक लेखकांवरही संशयाचा डाग पडला. लेखकाचे हे नुकसान कोणती पाठ्यवृत्ती भरून देणार?

प्रतिसाद, विटा
पैसा सरकारी होता म्हणून त्यातून आलेले सगळेच टाकाऊ ठरत नाही. जाड पुठ्ठ्याची, रंगीत चित्रांची मराठी सोव्हिएत पुस्तके खेड्यातल्या शाळेपर्यंत येत असत, आणि त्यांची किंमत इतकी कमी असे की शिक्षक पदरचे पैसे घालून ती विकत घेत. त्यामागे प्रचार होता, हे उघडच आहे. तरीही रशियातल्या हिवाळ्याची, तिथल्या आजीची, तिथल्या लांडग्याची ओळख आम्हाला त्यांतूनच झाली. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला आणि ती पुस्तके यायची थांबली, हीच त्या व्यवस्थेची खरी उणीव.

प्रतिसाद, सातारा
वाळवा तालुक्यातीलच वाटेगावचे अण्णाभाऊ साठे १९६१ मध्ये रशियाला गेले. त्यांच्या लेखणीविषयी मला नितांत आदर आहे, पण ते प्रवासवर्णन कौतुकाने ओथंबलेले आहे. जेवायला बोलावलेला पाहुणा यजमानाच्या घरातले भांडण लिहीत नाही. सांगलीतच पाहा: १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांचे नाटक सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने उभे राहिले, आणि १८५१ मध्ये महाराज वारल्यावर तो आश्रय संपला, तेव्हा मंडळी गावोगाव खेळ करत प्रेक्षकांच्या तिकिटावर जगली. लेखकानेही वाचकांकडेच जावे.

धागाकर्ता, सांगली
आश्रय नसता तर पहिला खेळ झालाच नसता, हे आपण सोयीस्करपणे वगळता. नाटकाला तिकीट लावता येते. परक्या देशाची भाषा शिकण्यात दोन वर्षे घालवणाऱ्याला त्या काळात तिकीट कोण देणार? एकतर्फीपणाचा आपला आक्षेप मात्र मला पूर्ण पटतो. म्हणून निधी दोन्ही देशांनी सारखा घालावा, जितके लेखक येतील तितकेच जावेत, निवड परराष्ट्र खात्याऐवजी साहित्य संस्थांनी करावी आणि लिखाण आधी दाखवण्याची अट नसावी. साहित्य अकादमीने २००५ मध्ये सार्क या दक्षिण आशियाई संघटनेच्या देशांतील लेखकांसाठी प्रेमचंद पाठ्यवृत्ती सुरू केली, तो मार्ग मला योग्य वाटतो.

प्रतिसाद, विटा
त्या मार्गात एक अडथळा आहे, आणि तो पैशाचा नाही. साहित्य संस्था लेखक निवडेल, पण व्हिसाची मंजुरी सरकारच्या हातात असते. पाकिस्तानशी संबंध बिघडले की ज्या लेखकाची दोन्हीकडे सर्वांत जास्त गरज असते, त्याचाच अर्ज सर्वांत आधी अडतो. तेव्हा निवड झालेल्या लेखकाला व्हिसा देण्याची हमी दोन्ही सरकारांनी करारातच लिहून द्यावी. ती नसेल तर निधी जाहीर करण्यात अर्थ नाही.