विद्युत सहायक: मुलींना खरंच लाइनवर काम देतात का?

स्वाती_इलेक्ट्रिशियन
नमस्कार मंडळी, माझं आयटीआय इलेक्ट्रिशियन झालंय, अप्रेंटिसशिपपण झाली. महावितरणची विद्युत सहायकची (लाइनवरची सुरुवातीची पोस्ट) पुढची जाहिरात आली की फॉर्म भरणार आहे, महिलांना ३० टक्के आरक्षण आहे त्यामुळे सगळे म्हणतात तुझं होऊन जाईल. पण घरात दोन पार्ट्या पडल्यात, आई म्हणते पोरीच्या जातीनं खांबावर चढायचं का, आणि मामा म्हणतात अगं चढायला कोण सांगतंय, मुलींना ऑफिसातच बसवतात, तक्रारी लिहून घ्यायच्या नि संध्याकाळी घरी. मला टेबल नकोय, त्यासाठी दोन वर्षं वायरिंग नाही केलं. जे खरंच लाइनला आहेत त्यांनी सांगा, ताई लोकांनी तर नक्कीच.

डीपीवाले_काका
पोरी, मी वीज बोर्डाच्या वेळचा माणूस, २००५ ला बोर्डाच्या चार कंपन्या झाल्या त्याच्याही आधीचा. कंपनीचं नाव घेत नाही, पण तुझ्या मामाचं अगदीच खोटं नाही. सेक्शनला, म्हणजे गावपातळीच्या ऑफिसला, आधीच माणसं कमी, त्यात दोन मुली लाइनस्टाफ म्हणून आल्या की साहेब म्हणतात ताई तुम्ही ऑफिस सांभाळा. कागदावर लाइनला माणसं पूर्ण दिसतात आणि रात्री वादळात डीओ (खांबावरचा फ्यूज) उडाला की आम्हीच टॉर्च घेऊन शेतात. राग साहेबावर पाहिजे, पण शिव्या खातात त्या पोरी. वर परत हेच लोक म्हणणार बायकांना लाइनचं काम जमत नाही. अरे पण दिलं कधी?

११केव्ही_ताई
काका बरोबर बोललात. मी लाइनला आहे म्हणून सविस्तर लिहिते, कंपनी मीपण सांगत नाही. मलापण पहिल्याच दिवशी खुर्ची दिली होती आणि सगळ्यांना वाटत होतं माझ्यावर उपकारच केलेत. मी एका सिनियर वायरमन काकांच्या मागं लागले, मला परमिटच्या (लाइन बंद करून, परवानगी घेऊन करायच्या) कामाला न्या म्हणून. त्यांनी शिकवलं ते असं, शटडाऊन घेतलं तरी एबी स्विचची (खांबावरून लाइन तोडायचा स्विच) तिन्ही ब्लेड सुटलीत का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, मग तारेत उरलेला करंट जमिनीत उतरवायला डिस्चार्ज रॉड टाकायचा, आणि नंतरच खांबाला हात. दुसरा म्हणतो बंद आहे म्हणून चढायचं नाही, तो साहेब असला तरी.

चढणं जमतं गं, सवय होते. त्रास भलत्याच गोष्टींचा होतो. सेफ्टी बेल्ट शेवटच्या भोकात अडकवला तरी सैल, रबरी हातमोजे एवढे मोठे की नट धरायला गेलं की मोज्याची बोटंच आधी चिमटीत यायची, शेवटी पोरं काढतात तसे मीपण मोजे काढून काम करायला लागले आणि त्या वायरमन काकांनी चार लोकांत झापलं. झापलं ते बरंच झालं, पण लहान मापाचे मोजे मागवायचे असतात हे स्टोअरला कुणाच्या डोक्यातच नव्हतं. दुसरं म्हणजे बाथरूम. सेक्शनला एकच, तेपण कडी नसलेलं, फिल्डवर तर विषयच सोड. उन्हाळ्यात पाणी न पिता दिवस काढले आणि इन्फेक्शन झालं. तू असलं काही करू नको. रुजू झाल्या झाल्या बेल्ट, बूट, मोजे आपल्या मापाचे पाहिजेत असा लेखी अर्ज दे आणि पोच घे. तोंडी सांगितलेलं कुणी लक्षात ठेवत नाही.

हैदराबादकर_मराठी
आमच्याकडे तेलंगणात तर जाहिरातीतच दार बंद होतं. २०१९ च्या ज्युनियर लाइनमन भरतीत महिलांना अर्जच करता येत नव्हता, काही जणी हायकोर्टात गेल्या, कोर्टाने सांगितलं यांना बसू द्या. डिसेंबर २०२० ला खांबावर चढायची टेस्ट झाली, ८ मीटरचा खांब, आणि पोरी पास झाल्या. त्यातल्या बब्बुरी सिरिशा २०२१ मध्ये कामावर रुजूपण झाल्या. आईला हे नक्की दाखव.

स्वाती_इलेक्ट्रिशियन
ताई खूप थँक्यू, मोज्यांचं कुणीच सांगितलं नव्हतं. रात्रीच्या कॉलचं कसं करता?

११केव्ही_ताई
एकटी जात नाही. खरं तर एकट्या पुरुषानेपण जायला नको, पण जातात. जोडीला माणूस आणि गाडी मिळाल्याशिवाय निघायचं नाही, मग कुणी नखरे म्हणो नाहीतर काही म्हणो.

विदर्भ_एक्सप्रेस
थोडं वेगळं लिहितो, पण लाइनला जाणाऱ्याला माहीत पाहिजे. माझा भाऊ ११ केव्हीवर (अकरा हजार व्होल्टच्या लाइनवर) भाजला, उजवा हात कोपरापासून काढावा लागला. आधी तोंडी सांगण्यात आलं की आता घरी बसा. मग युनियनवाल्यांनी २०१६ चा दिव्यांग कायदा काढला, त्याच्या कलम २० (४) मध्ये स्पष्ट आहे की सरकारी आस्थापनेत नोकरीत असताना अपंगत्व आलं तर काढता येत नाही, हुद्दापण कमी करता येत नाही, झेपेल अशी दुसरी जागा त्याच पगारावर द्यायची, जागा नसेल तर ती मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत जादा पदावर ठेवता येतं. भाऊ आता स्टोअरला आहे. त्याच्याबरोबर भाजलेला पोरगा कंत्राटी होता, त्याला कुणी विचारलंसुद्धा नाही. अपघातानंतर कंपनी सरसकट सगळ्यांना सामावून घेते म्हणणाऱ्यांनी आधी कंत्राटी पोरांचं बघावं, जिल्ह्यात अर्धी लाइन तेच ओढतात.

डीपीवाले_काका
हे लाख बोललास. आणि स्वाती, आईला पैशाचंपण आधीच सांगून ठेव, सुरुवातीची तीन वर्षं मानधनच असतं, २०२३ च्या जाहिरातीत १५, १६, १७ हजार असं होतं. तीन वर्षं नीट काढलीस की तंत्रज्ञ. आयटीआयचं सर्टिफिकेट मागच्या जाहिरातीत मागितलं होतं तसंच आहे ना ते आजच बघून घे, तिथे बरीच पोरं अडकतात.