नोमिस्मा: सरकारचा हुकूम की लोकांची रीत?

नाणेघाटी:
जुने ग्रीक पैशाला नोमिस्मा म्हणायचे. नोमोस म्हणजे कायदा, त्यावरून नोमिस्मा. अ‍ॅरिस्टॉटलनेच लिहून ठेवलंय की ही गोष्ट निसर्गाने नाही, नोमोसने आहे आणि ती बदलणं किंवा निकामी करणं आपल्याच हातात आहे. ८ नोव्हेंबर २०१६ ला रात्री आठ वाजता आपण हेच बघितलं ना? त्यामुळे सोनं-चांदी म्हणजेच खरा पैसा आणि नोट म्हणजे नुसता कागद, हे रडगाणं बास करा. पैसा म्हणजे सरकारचा शब्द, विषय संपला.

बाजारबुणगा:
कसला संपला? नोमोस म्हणजे फक्त कायदा नाही हो, रीत, रूढी पण. नोमिस्मा आलाय नोमिझाइन या क्रियापदावरून, म्हणजे रीत म्हणून पाळणं, मानणं. इस्किलसच्या नाटकात हाच शब्द नाण्यासाठी नाहीच, यज्ञाच्या वेळी आरोळी द्यायच्या ग्रीक चालीसाठी आलाय. आणि तुमचाच अ‍ॅरिस्टॉटल दुसरीकडे म्हणतो की आधी लोखंड, चांदी वजनावर चालायची, नंतर रोज तोलायची कटकट नको म्हणून छाप मारला. सरकार मागून आलं.

शंकेखोर:
मुळात बाजारात नोमिस्मा कोण म्हणत होतं? साधा शब्द आर्गिरिऑन, म्हणजे सरळ चांदी. ओबोल आणि द्राख्मा ही ग्रीक नाणी, पण ओबोल म्हणजे मुळात मांस भाजायची लोखंडी शीग आणि अशा सहा शिगा मुठीत धरल्या की एक द्राख्मा, मूठभर. जुन्या ग्रीक लेखक प्लुटार्कने हे सांगितलंय आणि ग्रीसमधल्या आर्गोसजवळ हेरा देवीच्या देवळात अशा शिगांचा अख्खा जुडगा सापडला. नोमिस्मा हा पंडितांचा शब्द वाटतो मला.

नाणेघाटी:
पंडितांचा कसा? अथेन्समध्ये इ.स.पू. ३७५ च्या सुमाराचा निकोफोनचा कायदा आहे, दगडावर कोरलेला. तपासणीत पास झालेलं चांदीचं नाणं दुकानदाराने नाकारलं तर त्या दिवशीचा माल जप्त! हुकूम नाहीतर काय हे?

बाजारबुणगा:
अर्धाच कायदा सांगितलात. त्याच कायद्यात सरकारी पारखी बसवलाय आणि नाण्याच्या आत तांबं किंवा शिसं निघालं तर ते जागेवर कापून टाकायचंय. नुसता शब्द पुरला असता तर आत काय आहे ते कशाला बघायचं? त्याआधी स्पार्टाशी युद्धात चांदी संपली तेव्हा अथेन्सने तांब्यावर चांदीचा मुलामा देऊन नाणी चालवलीच होती, तर अ‍ॅरिस्टोफेनीसने भर नाटकात टिंगल केली, आणि पुढे दवंडी पिटून तांबं बंदच करावं लागलं.

नाणेघाटी:
बंद केलं कोणी पण? सरकारनेच! वा, माझाच मुद्दा.

शंकेखोर:
भांडा तुम्ही. मला मजा वेगळीच वाटते, हाच द्राख्मा आपल्याकडे द्रम्म झाला, कोकणातल्या शिलाहारांच्या लेखांत आहे, आणि त्याचाच पुढे दाम. दाम करी काम म्हणताना आपण ग्रीकच बोलतो. अथेन्सचा कायदा काही इकडे आला नाही, नाणं मात्र आलं.

नाणेघाटी:
मग भास्कराचार्यांच्या लीलावती या गणिताच्या ग्रंथातलं कोष्टक बघा, सोळा ‘पण’ म्हणजे एक द्रम्म, मात्र सुरुवात वीस कवड्यांची एक काकिणी अशी आहे. कवडीत कुठली आलीय चांदी?

बाजारबुणगा:
आणि कवडीवर कुठल्या राजाचा छाप होता ते पण सांगा की!