बॅकडोअर : मागचं दार की चोरदरवाजा?

सायली_के : वाचनालयातल्या ज्येष्ठांसाठी मोबाइल सुरक्षेचं चार पानी पत्रक लिहितेय. त्यात २०१६ चं अ‍ॅपल-एफबीआय (अमेरिकेची तपास यंत्रणा) प्रकरण घेतलंय. अमेरिकेतल्या सॅन बर्नार्डिनोच्या हल्लेखोराचा आयफोन ५सी होता, दहा चुकीच्या पासकोडनंतर डेटा पुसला जाऊ नये असं सॉफ्टवेअर बनवून द्या म्हणून एफबीआय कोर्टात गेली आणि अ‍ॅपलने ठाम नकार दिला. कुलूप चुकवून आत शिरायच्या अशा सोयीला बॅकडोअर म्हणतात, त्यासाठी मी 'मागचं दार' लिहिलं होतं, तपासणाऱ्या काकांनी ते खोडून 'चोरदरवाजा' केलं. पटेना.

गडवाट : काका बरोबर आहेत. मागच्या दाराने म्हटलं की वशिल्याची भरतीच डोळ्यासमोर येते. राजगडाला गुंजवण्याकडून चढा, शेवटी वाकून आत शिरावं लागतं आणि पद्मावती तळ्यापाशी निघता. तो चोर दरवाजा चोरांनी नाही, गड बांधणाऱ्यांनीच ठेवलाय. बॅकडोअर पण बनवणाराच ठेवतो ना?

निवांत_७१ : नेहमी नाही हो. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड युटिल्स या फायली दाबून लहान करणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये जे बॅकडोअर सापडलं ते, दोनेक वर्षं मदत करून विश्वास कमावलेल्या माणसाने घुसवलेलं होतं. आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरला एसएसएच लॉगिनला, म्हणजे दूरच्या संगणकात शिरायला, अर्धा सेकंद जास्त लागतोय एवढंच खटकलं आणि तो मागे लागला म्हणून उघडकीला आलं. याला दरवाजा कसला म्हणता, ही सरळ फितुरी आहे!

खाकीतला : चोरदरवाजा म्हटलं की वाचायच्या आधीच निकाल लागला. कोर्टाचा हुकूम घेऊन तपासाला आलेला माणूस चोर का? आम्ही फोन हातात घेऊन महिनोन्महिने बसलोय, समोर मुलीचा बाप बसलेला असायचा.

निवांत_७१ : तुमचं दुःख खरं आहे, पण किल्ली एकाकडेच राहत नाही. अमेरिकन सरकारने १९९३ मध्ये फोनवरचं बोलणं सांकेतिक करणारी क्लिपर चिप आणली, ते उलगडायच्या किल्ल्या दोन सरकारी खात्यांत वाटून ठेवायच्या होत्या, पुढच्याच वर्षी मॅट ब्लेझ या संशोधकाने त्यातली खोट दाखवली.

मीरज_वाली : बॅकडोअरच लिहा, कृपा करून. माझ्या आईला बँकेचा मेसेज आला, 'एकवेळ संकेतांक कोणासही सांगू नये'. फोनवरच्या माणसाने गोड आवाजात "ताई, सहा आकडे सांगा" म्हटलं, तिने सांगितले, अठरा हजार गेले. ओटीपी शब्द तिला पक्का माहीत होता, संकेतांक म्हणजे तोच हे कुणी सांगितलंच नव्हतं. शुद्ध मराठीचा मला अभिमान आहे, पण इशारा कळलाच पाहिजे.

गडवाट : म्हणून मराठी सोडायची का? परवलीचा शब्द रुळलाच की.

मीरज_वाली : कुठे रुळला? फॉर्मवर छापतात, बोलताना सगळे पासवर्डच म्हणतात.

खाकीतला : आणि परवल तरी अस्सल मराठी कुठे, पलटणीतल्या 'पॅरोल'वरून आला असं वडील सांगायचे. पहाऱ्यावर रोज नवा असायचा.

गडवाट : हे मला मान्य नाही. कोश माळ्यावर आहे, उद्या काढून बघतो.

सायली_के : पत्रक उद्या सकाळी छापायला जातंय. 'बॅकडोअर, म्हणजे फोनच्या मालकाला न सांगता ठेवलेली वाट' असं केलंय. काकांना अजून दाखवलं नाही.